येलेचे दोन प्रश्न

येले कुणाशी हात मिळवत नसे. पहिल्यांदा भेटलेल्या माणसाची डाव्या हाताने बाही धरायची, उजव्या हाताने कोटाची कॉलर, आणि पाळण्याला झोका द्यावा इतपतच त्याला पुढे-मागे हलवून बघायचं, ही त्याची ओळख करून घ्यायची रीत. कॉव्हेंट्रीतल्या सभ्य इंग्रज माणसाला हे कसं वाटत असेल ते तुम्हीच ठरवा. तिथे बसच्या रांगेत कोपर लागलं तर ज्याला लागलं तोच आधी सॉरी म्हणतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला, ऋचाला, ज्यूदोच्या क्लासला घालायला मी घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये गेले, तेव्हा या साडेसहा फुटी, पांढऱ्या भुवयांच्या माणसाने माझ्या नव्याकोऱ्या विंटर कोटाची कॉलर धरली आणि म्हणाला, "तू टाचांवर उभी आहेस. तुला कुणीही पाडेल."

मी म्हटलं, मी फक्त फॉर्म भरायला आलेय.

"फॉर्म भरतानासुद्धा टाचांवर उभं राहू नये," तो म्हणाला, आणि कॉलर सोडून त्याने फॉर्म पुढे केला.

आता मराठीत लिहिताना खरं तर त्याला अहो-जाहो करायला हवं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. पण इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, आणि 'मिस्टर' म्हटलेलं त्याला खपत नसे. "मिस्टर माझा बाप होता, आणि तो मला आवडत नव्हता," असं सांगायचा. तेव्हा अरे-तुरेच बरं. तीस वर्षं कॉव्हेंट्रीत काढूनही त्याचं इंग्रजी डच हाडामासाचं राहिलं होतं. वाक्यं आखूड, आणि त्यात 'कदाचित', 'तसं म्हटलं तर', 'तुमची हरकत नसेल तर' यांतलं काही म्हणजे काही नाही. मी ते इथे मराठीत देतेय. कोरडं वाटलं तर दोष माझा नाही.

येले हॉलंडच्या उत्तरेकडचा, फ्रीजलंडचा. तरुणपणी कुस्तीतला राष्ट्रीय विजेता आणि पुढे ज्यूदोतलाही. त्या एवढ्याशा देशाने जपान्यांना त्यांच्याच खेळात पाठीवर पाडायला सुरुवात केली, त्या पिढीतला हा गडी. एकेकाळी त्याच्या गावातला बेकरीवाला त्याच्याकडून पावाचे पैसे घेत नसे, असं त्याची बायको मॉरीन सांगायची. मॉरीन अस्सल कॉव्हेंट्रीची. सुट्टीवर म्हणून हॉलंडला गेली आणि हा साडेसहा फुटी ऐवज घेऊन परत आली. इथे त्याने मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली, रिटायर झाला, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मुलांना पडायला शिकवू लागला. शेजारीपाजारी त्याला 'तो उंच डचमन' म्हणून ओळखत, त्यापलीकडे तो कोण होता याचा कुणाला पत्ता नव्हता. त्यालाही त्याचं काही नव्हतं. पदकं जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे पडलेली असत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सांगलीच्या शाळेत पी.टी. शिकवायचे आणि तरुणपणी कुस्ती खेळलेले. हे कळलं त्या दिवसापासून येलेच्या दरबारी माझा भाव वधारला. खांद्यावरून उचलून आपटायच्या डावाला तुमच्याकडे काय म्हणतात, त्याने विचारलं. मी म्हटलं, धोबीपछाड. धोबी दगडावर कपडे आपटतो ना, तसं. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुढच्या आठवड्यापासून त्या हॉलमध्ये गोरी, पंजाबी, पोलिश सगळी पोरं 'डोबी-पशाड!' असं ओरडत एकमेकांना आपटू लागली. एकदा मी सांगलीला फोन लावला असताना त्याने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. अण्णांचं इंग्रजी बेताचं, याला मराठी शून्य. दोघं पंधरा मिनिटं बोलले. नंतर मी अण्णांना विचारलं, "काय हो म्हणत होता?" तर म्हणाले, "माणूस जाणकार आहे. ढाक मारताना कंबर आत गेली पाहिजे, हे त्याला मान्य आहे." येलेला विचारलं तर म्हणाला, "तुझा बाप बरोबर बोलतो. कंबर." हे दोघे नेमक्या कुठल्या भाषेत बोलले, ते कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्याच्या घरी कॉफीबरोबर एक बिस्किट मिळे. एक म्हणजे एकच. डबा पुढे यायचा, तुम्ही उचललंत की झाकण लागायचं आणि डबा परत फडताळात. लोक पुण्याला उगाच नावं ठेवतात, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं. टॉयलेटच्या भिंतीवर सगळ्या आप्तेष्टांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. "इथे रोज बसतो, म्हणून विसरत नाही." मॉरीनच्या वाढदिवसाला गेले तर त्याने दारातच माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, "माझं कशाला?" तर म्हणाला, "तू तिची मैत्रीण. ती अजून आहे. अभिनंदन." त्या कॅलेंडरवर एका जागी 'सित्से' असं नाव होतं. कोण हा, म्हणून मी विचारलं. "भाऊ. बोलत नाही आम्ही," एवढंच सांगून त्याने विषय संपवला.

आमच्या मंडळाच्या दिवाळीला त्याला नेण्याची चूक मी एकदाच केली. आमच्यातल्या एका सर्जन गृहस्थांनी नाट्यगीत म्हटलं. गाणं कसं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण 'वा, वा, काय तयारी आहे' असं म्हणून लोक जेवणाच्या रांगेकडे वळले. येले त्यांच्यापाशी गेला, त्यांच्या सिल्कच्या कुर्त्याची कॉलर धरली आणि म्हणाला, "तुझा आवाज चांगला नाही. पण तू धीट आहेस." सर्जनसाहेब पुढे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. मी घरी येताना कारमध्ये त्याच्यावर उखडले, तर तो प्रामाणिकपणे गोंधळला. "खोटं सांगून त्याचा काय फायदा? तो पुढच्या वर्षी पुन्हा गाईल."

त्याचा राग यायचा आणि त्याच्याशिवाय करमायचंही नाही. मी भूल देणारी डॉक्टर. दिवसभर माझं काम म्हणजे घाबरलेल्या माणसाला 'काही नाही, आता झोप लागेल' म्हणायचं. संध्याकाळी या माणसाच्या समोर बसलं की कसं हलकं वाटे. याच्याकडे शब्दाला एकच बाजू असायची. एकदा त्याने विचारलं, रविवारी कॉफीला येणार का? मी आपलं सवयीने 'बघू' म्हटलं. रविवारी अकरा वाजता तो कॉफी गाळून, डबा काढून बसला. मी गेलेच नाही. सोमवारी मी त्याला समजावलं, की आमच्याकडे 'बघू' म्हणजे जमणार नाही; तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून तसं म्हणतात. त्याने हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून तू मला दोन तास बसवलंस," तो म्हणाला.

क्लासमधल्या प्रत्येक पोराच्या पट्ट्याची गाठ तो स्वतः बांधायचा. वीस पोरं रांगेत उभी राहायची आणि हा गुडघ्यावर बसून एकेकाच्या पोटाशी गाठ मारत पुढे सरकायचा. एका ऑक्टोबरात ऋचा घरी येऊन म्हणाली, "आई, आज येलेनी गाठ मारला पण ती सुटला. Three times. मग त्याने Ben ला सांगितलं तू कर." मुलीच्या मराठीला मी हसले आणि विसरले.

त्याच आठवड्यात तो आमच्या किचनमध्ये येऊन बसला. येताना मॉरीनला आणलं नव्हतं. उजव्या हाताची बाही वर सारून त्याने हात टेबलावर ठेवला.

"कॉलर निसटते," तो म्हणाला. "सहा महिने झाले. आधी वाटलं म्हातारपण. हे म्हातारपण नाही. बघ."

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. पण अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा असतो तो त्याच्या हातावर उरला नव्हता, तिथे खळगा पडला होता. आणि डोळा लवतो ना, तसा त्याचा दंड कातडीखाली सारखा लवत होता. इथे, मग तिथे, थांबतच नव्हता. मी त्याला जीभ दाखव म्हटलं. त्याने दाखवली. रस्त्यावरून जड लॉरी गेली की पेल्यातलं पाणी थरथरतं, तशी ती जीभ तोंडात पडल्या पडल्या थरथरत होती. मानेतली नस दबली तर हात जातो, पण जिभेला काही होत नाही. हे मेडिकलच्या पोरालाही माहीत असतं. मला त्या क्षणी कळलं, की त्याचे हात जाणार, मग बोलणं जाणार, मग गिळणं आणि श्वास. आणि यातलं काहीही थांबवायचं औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

"आता ऐक," येले म्हणाला. "मी का विचारतोय ते आधी सांगतो, म्हणजे तुला नीट उत्तर देता येईल."

मग त्याने सित्सेची गोष्ट सांगितली. मॉरीनलाही त्याने ती कधी सांगितली नव्हती. दोघे भाऊ कुस्ती खेळायचे, आणि एका वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला दोघेच समोरासमोर आले. आदल्या दिवशी बापाने येलेला सांगितलं, धाकट्याला जिंकू दे, त्याला पुढे न्यायचंय. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. येलेचं डोकं फिरलं. पहिल्याच मिनिटात त्याने सित्सेचा हात बगलेत धरला आणि दाबला. "तो माझ्या कानाशी म्हणाला, येले, सोड. हळू म्हणाला. मलाच ऐकू आलं. मी सोडला नाही." कोपर मोडलं ते कायमचं. सित्से पुन्हा खेळला नाही. हॉस्पिटलात त्याने येलेला एकच विचारलं, मी सोड म्हणालो ते तुला ऐकू आलं होतं का? येले म्हणाला, नाही. सित्सेने तोंड फिरवलं. त्याला पटलं होतं की नव्हतं, ते चाळीस वर्षांत येलेला कळलेलं नव्हतं.

"मी आयुष्यात एकदा खोटं बोललो," तो म्हणाला. "ते हे. मला त्याच्यापुढे उभं राहून सांगायचंय, की ऐकू आलं होतं. पत्राने नाही, फोनवर नाही. तर आता दोन रस्ते आहेत. मान असेल तर ऑपरेशन करीन, आणि उन्हाळ्यात धड दोन हात घेऊन त्याच्याकडे जाईन. दुसरं असेल, तर उद्याची बोट. दुसरं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. कारखान्यात माझ्या एका दोस्ताला झालं होतं. आधी त्याचा हात गेला, मग बोलणं. तेव्हा तू 'बघू' म्हणायचं नाही. काय आहे ते सांग."

इतकं सरळ मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. आणि मी म्हणाले, "मान वाटतेय."

का म्हणाले? त्याचं उत्तर मला स्वतःला बरेच दिवस देता आलं नाही. माझी आई पोटाच्या कॅन्सरने गेली. अण्णांनी, काकांनी, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, सगळ्यांनी मिळून तिला शेवटपर्यंत 'साधी गाठ आहे' असंच सांगितलं. मी तेव्हा मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. मीसुद्धा तिच्या उशाशी बसून तेच सांगितलं. आमच्या घरी याला माया म्हणत. जो तोंडावर सांगेल तो कसाई. माझ्या जिभेला तेच वळण होतं, आणि समोर लवणारा दंड दिसत असताना जीभ त्या वळणानेच गेली. शिवाय मनाशी म्हटलंच, की आपण काही यातल्या तज्ज्ञ नाही, ज्यांचं काम ते सांगतील. श्रीकांत, माझा नवरा, त्याने पण तेच म्हटलं, "अगं, it's not your job. GPकडे जाऊ दे ना त्याला. तू कशाला अंगावर घेतेस?"

तो GPकडे, म्हणजे त्याच्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलाच. आणि माझ्यासारख्या डॉक्टरने सांगितलं म्हणून तिथे काय म्हणाला असेल? 'मान आहे.' दुसऱ्या कुणी 'माझ्या मैत्रिणीला असं वाटतं' म्हटलं असतं. येलेला मी 'मान' म्हटलं म्हणजे ती मान. GPने मानेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथली रांग नाताळापर्यंत गेली. मग मानेचा MRI झाला. आता, चाळीस वर्षं आपटून घेतलेल्या पहिलवानाच्या मानेचा MRI खराब नसेल तर कुणाचा असेल? मणके झिजलेले होतेच. सगळ्यांचं समाधान झालं. ऑपरेशनच्या रांगेत त्याचं नाव लागलं. क्लासच्या हॉलपाशी तो मला भेटला की हात वर करून दाखवायचा आणि म्हणायचा, "उन्हाळ्यात."

मी रोज म्हणायची, उद्या सांगते. हॉस्पिटलातून घरी येताना मी वाक्य जुळवायची. येले, मला वाटतं आपण एकदा न्यूरॉलॉजिस्टला पण. येले, हे बघ. येले. त्याच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरले. एकदा आत गेले, कॉफी घेतली, बिस्किट खाल्लं, आणि ऋचाच्या पट्ट्याच्या परीक्षेबद्दल बोलून घरी आले. मधल्या काळात मी मागच्या दाराने एक पत्र टाकलं, त्याच्या GPला, की न्यूरॉलॉजीचं मत घ्यावं असं वाटतं. अगदी अदबीने लिहिलेलं. त्याची तारीख मिळाली एप्रिलची.

मार्चमध्येच ऋचा एकदा म्हणाली, "आई, येलेचा बोलणं funny झालाय. Like he's got a sweet in his mouth." या वेळी मला हसू आलं नाही.

एप्रिलमध्ये न्यूरॉलॉजिस्टनी त्याला सांगितलं: स्नायू चालवणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात, तो आजार. मॉरीन सोबत होती. संध्याकाळी ती आमच्या दारात आली आणि कोट न काढताच म्हणाली, "It's not his neck, love." मी तिला धरलं. मला बरंच काही म्हणता आलं असतं, आणि मी म्हटलं, "Oh, Maureen."

त्या दोघांनी मे महिन्यात हॉलंडची बोट पकडली. तोवर येलेचे दोन्ही हात अंगाशी लोंबायला लागले होते, पायांनी तो अजून नीट चालत होता. बोलणं मॉरीनला निम्मं कळायचं, मला त्याहून कमी. मॉरीनने तिकडचं सगळं मला नंतर सांगितलं. सित्सेने दार उघडलं. तोही तसाच उंच, कोपर वाकडं. येलेने दारातच बोलायला सुरुवात केली, आत जायचीही वाट पाहिली नाही. त्यांच्या भाषेत, मोठ्याने, गळ्याच्या शिरा ताणून. सित्सेला एक शब्द कळला नाही. त्याने मॉरीनला विचारलं, हा काय म्हणतोय? मॉरीन म्हणाली, मला माहीत नाही. त्याने मला कधीच सांगितलं नाही. मग सित्सेने त्याला आत नेलं, खुर्चीत बसवलं, कॉफी दिली. येले बोलतच होता. शेवटी सित्से त्याच्यासमोर खाली बसला, त्याच्या दोन्ही गालांना हात लावले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मग मॉरीनकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मी त्याला सांगितलं, की मला माहीत आहे. त्याला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. मी उगाच इतकी वर्षं राग धरला."

येले मान हलवत राहिला. नाही, नाही, नाही. मग रडायला लागला. सित्सेला वाटलं, भावना अनावर झाल्या. तोही रडला. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, मॉरीन म्हणाली. "It was lovely, Vaishali. I only wish I'd known what it was about."

मला माहीत होतं. आमच्या त्याच किचनमध्ये, चहा गाळता गाळता, मी गाळणं खाली ठेवलं आणि मॉरीनकडे पाठ केली. मॉरीनला वाटलं मला त्याच्यासाठी वाईट वाटतंय. वाटतच होतं. पण सहा-सात महिन्यांपूर्वी तो गेला असता तर त्याला चार शब्द पुरले असते, आणि ते तेव्हा त्याच्या तोंडात शाबूत होते, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

पुढे त्याला अक्षरांचा तक्ता दिला. मॉरीन एकेका ओळीवर बोट ठेवायची, हवी ती ओळ आली की तो पापण्या मिटायचा, मग ओळीतलं अक्षर. एक वाक्य व्हायला पाच मिनिटं लागत. मॉरीन बाजारात गेली असताना मी तक्ता हातात घेतला आणि म्हटलं, "येले, सित्सेला मी सांगू? मी फोन करते. तू शेजारी बस. मी फक्त तुझे शब्द सांगीन."

त्याने तक्त्याकडे नजर वळवली. मग अक्षरं दिली. 'नाही. माझं तोंड.'

आणि तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. ऑक्टोबरात मला कळलं होतं. जीभ पाहिल्याबरोबर कळलं होतं. मान नव्हती हे मला माहीत होतं. आमच्याकडे असं सांगत नाहीत, मी म्हटलं. माझ्या आईलाही आम्ही सांगितलं नाही. मला वाटलं, मला वाटलं... तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्याने पापण्या मिटल्या नाहीत, अक्षर मागितलं नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या पोराने सायकल आडवी टाकली होती, तिच्याकडे तो बघत बसला. थोड्या वेळाने मॉरीन आली आणि तिने सगळ्यांना कॉफी केली.

त्याने माझ्याशी संबंध तोडले नाहीत. मी जायची, बसायची, त्याच्या उशा नीट करायची, ऋचाने कुणाला डोबी-पशाड मारला ते सांगायची. तो ऐकायचा. डोळ्यांनी हसायचासुद्धा. पण त्याने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. पूर्वी सारखा विचारायचा: हे सूप करपलंय का, ही कार घेऊ की नको, मॉरीनचं हे गुडघ्याचं दुखणं काय आहे. आता औषधाचं काही असलं तर मॉरीनकडून हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना घरी येऊन बघणाऱ्या, नर्सला विचारायचा. कॅरल तिचं नाव. एक ठेंगणी, घाईत असणारी बाई, आणि येलेला ती आवडायची, कारण पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगितलं होतं की तुम्हाला वास येतोय, आंघोळ घालायला हवी.

फेब्रुवारीत तो गेला. दुपारी, खुर्चीत, झोपेत, मॉरीन शेजारी विणत असताना. सित्से अंत्यविधीला आला होता, आणि सगळ्यांना सांगत होता की शेवटी आमच्यात काही राहिलं नव्हतं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

तो गेला त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. कॅरल त्याच्या पलंगावरची चादर बदलत होती, मॉरीन खाली होती. मी खुर्चीशी बसले होते. येलेने तक्त्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्याला मला काहीतरी विचारायचं होतं. मी धांदलीने तक्ता उचलला. दोन वेळा ओळ चुकली. त्याने एकच शब्द दिला आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'गुदमरेन?'

हे मला ठाऊक होतं. हा माझ्याच विषयाचा प्रश्न, श्वासाचा आणि झोपेचा. त्या आजारात माणसं बहुतेक वेळा गुदमरून जात नाहीत. श्वास उथळ होत जातो, गुंगी येते आणि झोपेतच संपतं. आणि त्रास झालाच तर द्यायचं औषध घरात आणून ठेवलेलं होतं, ते मी स्वतः तपासलं होतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी पुढे झुकले, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "नाही, येले. गुदमरणार नाहीस. झोप लागेल, आणि झोपेतच जाशील."

त्याने ते ऐकून घेतलं. मग हळूहळू, मान हलत नव्हती म्हणून फक्त डोळे, त्याने कॅरलकडे वळवले, आणि ती काय म्हणते याची वाट बघत राहिला.

कॅरलने हातातली चादर खाली ठेवली. "नाही, येले," ती म्हणाली. "झोपेतच."

तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले.